हाडे दगडाची, प्राणी कागदाचे
(सुवर्णमहोत्सवी सोहळ्यात चित्रवर्गाच्या वतीने केलेले भाषण)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात भाषणाचा मान चित्रवर्गाला मिळावा, ही आमच्या दृष्टीने थोडी संकोचाचीच गोष्ट आहे. आम्ही वक्ते नव्हे. दर रविवारी सकाळी वरच्या मजल्यावरील खोलीत मुलांना जमवून रेघोट्या ओढावयास लावणारी आम्ही तीन-चार निवृत्त माणसे. परंतु जिन्यालगतच्या भिंतीवर आम्ही टांगलेली नामशेष प्राण्यांची चित्रे आपण सर्वांनी जाता-येता पाहिली आहेत. त्यांतील एका चित्रावर तांबड्या पेन्सिलीने मारलेली फुलीही पाहिली आहे. "ही फुली कसली?" असे इतक्या जणांनी विचारले, की अखेर कार्यकारी मंडळाने "आता एकदाच सर्वांना सांगून टाका" अशी आज्ञा केली. तेव्हा आजचे हे भाषण म्हणजे त्या फुलीचा खुलासा आहे. मात्र तो नीट कळावा म्हणून सुरुवात थोडी मागून करावी लागेल.

चित्रवर्गाच्या आरंभी आम्ही नर्मदेकाठच्या प्राचीन हत्तीचे एक मोठे चित्र रंगविले होते. ते पाहून एका आठ-नऊ वर्षांच्या मुलीने विचारले, "काका, हा करड्याच रंगाचा होता हे तुम्हांला कोणी सांगितले?" आम्ही म्हणालो, "बाळ, हत्ती करडाच असतो." त्यावर ती म्हणाली, "पण हा आजचा हत्ती नव्हे, असे तुम्हीच मघाशी सांगितलेत!" मुलगी हसली, बाकीची मुले हसली, आणि आम्हीही हसलो, पण घरी जाताना आमच्या मनाला रुखरुख लागून राहिली. खरोखरच, आम्हांला हे कोणी सांगितले होते?

त्या दिवसापासून आम्ही वर्गात एक नियम केला. जे हाड जमिनीतून खरोखर निघालेले आहे, ते काळ्या शाईच्या अखंड रेघेने काढावयाचे. जे निघाले नाही, पण त्या प्राण्याच्या भाऊबंदांवरून ताडता येते, ते तुटक रेघेने काढावयाचे. आणि रंग हा सर्वस्वी आमचा, हे चित्राखाली स्पष्ट लिहावयाचे. आपण जिन्यावर थांबून पाहाल तर प्रत्येक चित्राखाली ही ओळ दिसेल. नियम साधाच आहे. पण तो पाळताना पहिल्या रविवारी आम्हीच गांगरलो. काळी रेघ किती थोडी आणि तुटक किती जास्त!

हे असे का होते, ते पाहू. प्राणी मेला म्हणजे बहुधा त्याचे सर्वच संपते. मांस कोल्हे-गिधाडे खातात, हाडे तरस फोडतो, उरलेली ऊन-पावसाने झिजतात. क्वचित एखादा प्राणी नदीच्या काठी पडतो, पुराचा गाळ त्याला झाकून टाकतो, आणि पुढे हजारो-लाखो वर्षे त्या गाळातून झिरपणाऱ्या पाण्यातील खनिजे हाडाच्या सूक्ष्म छिद्रांत साचत जातात. हाडाचा आकार राहतो आणि अंगी दगडपण येते. यालाच आपण जीवाश्म म्हणतो. तोही बहुतेक वेळा सबंध मिळत नाही. कोठे दात, कोठे जबड्याचा तुकडा, कोठे दोन मणके. दात सर्वांत टणक, म्हणून तेच जास्त टिकतात.

एवढ्यावरून चित्र कसे काढावयाचे? हाडे सांध्यांत बसवून पाहिली म्हणजे पाय किती वाकत होता ते कळते. स्नायू जेथे चिकटलेले असतात तेथे हाडावर खरबरीत खुणा राहतात. त्यांवरून अंगाचा भरीवपणा काढता येतो. दातांवरून आहार कळतो. पण कान, कातडी, केस, चरबी यांचा बहुधा मागमूस राहत नाही. हत्तीचीच गोष्ट घ्या. सोंडेत हाड नसते. केवळ कवटी हाती आली तर सोंड कोठून आणावी? कवटीच्या मधोमध नाकाचे जे मोठे भोक असते ते काही सुचविते, आणि आजचा जिवंत हत्ती त्याला दुजोरा देतो. नातलग जिवंत नसता तर त्या भोकाचा अर्थ आपण काय केला असता, कोण जाणे.

यात मोठमोठे पंडितही चुकलेले आहेत. 1854 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या उद्यानात बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स या शिल्पकाराने डायनोसॉरांचे अगडबंब पुतळे उभे केले. त्यांत इग्वानोडॉन नावाच्या प्राण्याच्या नाकावर गेंड्यासारखे शिंग बसविले होते. कारण तसे एक टोकदार हाड सापडले होते आणि ते नाकाखेरीज कोठे शोभेल असे कोणास वाटले नाही. पुढे 1878 साली बेल्जियममधील बर्निसार गावच्या कोळशाच्या खाणीत या प्राण्याचे सबंध सांगाडे मिळाले, तेव्हा उलगडा झाला की ते शिंग नसून हाताच्या अंगठ्याचे हाड होते! अंगठा नाकावर गेला होता. पण त्या लोकांनी पुतळे फोडले नाहीत. ते आजही तेथे नाकावर अंगठा घेऊन उभे आहेत, आणि चूक कशी झाली ते पाहणाऱ्यास सांगितले जाते. ही गोष्ट कृपा करून लक्षात ठेवावी. पुढे तिचा उपयोग आहे.

आपल्या देशातील उदाहरण सांगतो. 1961 साली, म्हणजे रवींद्रनाथ ठाकुरांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीला लागून असलेल्या मुलखात, कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या मंडळींना एका प्रचंड शाकाहारी डायनोसॉरची हाडे मिळाली. 1975 साली त्याचे नामकरण झाले: बारापासॉरस टागोराय. हे नाव वर्गात उच्चारताच एक मुलगा म्हणाला, "म्हणजे याला बारा पाय होते का?" त्याला सांगावे लागले की हे 'बारा' आपले मराठी नव्हे, बंगालीत 'बडो पा' म्हणजे मोठा पाय. या प्राण्याची सुमारे 300 हाडे मिळाली आहेत, तरी डोके मिळाले नाही. काही दात तेवढे मिळाले. आमच्या चित्रात म्हणूनच मान संपते तेथे काळी रेघ संपते आणि तुटक रेघेचे डोके सुरू होते. काही पाहुण्यांना ते अर्धवट वाटते. पण मुले आता बरोबर सांगतात, "याचे डोके अजून यायचे आहे."

आता भोपाळकडे वळू. आपण पन्नास वर्षे येथे एकत्र जमून गणपती आणतो, दिवाळीचा फराळ वाटतो, विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देतो. पण आपण ज्या भूमीवर बसलो आहोत ती या विषयात किती श्रीमंत आहे याची पुष्कळांना कल्पना नसते.

आपल्या दक्षिणेला नर्मदा आहे. तिच्या काठच्या गाळाच्या थरांत शंभर-दीडशे वर्षांहून अधिक काळ विद्वान हाडे शोधीत आले आहेत. 1846 साली फॉकनर आणि कॉटली यांनी ज्या सरळ सुळ्यांच्या हत्तीला नर्मदेवरून 'नामाडिकस' हे नाव दिले, तो आजच्या हत्तीपेक्षा कितीतरी मोठा होता. त्याच्या जोडीला याच खोऱ्यात रानबैल होते, घोडे होते, आणि पाणघोडेही होते. होय, आज जे पाहावयास आफ्रिकेत जावे लागते ते पाणघोडे! नर्मदेच्या डोहात पाणघोडा काढताना मुलांना जी मौज वाटते ती पाहण्यासारखी असते.

याच नर्मदेच्या काठी, सीहोर जिल्ह्यातील हथनोरा गावाजवळ, 5 डिसेंबर 1982 रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना एका प्राचीन मानवाच्या कवटीचा भाग सापडला. भारतात असा प्राचीन मानवी अवशेष तोवर कोठेच मिळाला नव्हता. या 'नर्मदा मानवा'ची चित्रे आपण वर्तमानपत्रांत पाहिली असतील: जाड ओठ, पसरट नाक, रागीट डोळे. पण हथनोरा येथे मिळाला तो कवटीचा वरचा, मुख्यतः उजव्या बाजूचा भाग. चेहरा मिळालेला नाही, दात मिळालेले नाहीत. ती व्यक्ती पुरुष होती की स्त्री, तिला कोणत्या मानवजातीत बसवावे, यावर विद्वानांत मतभेद झाले आहेत. आम्ही हे चित्र काढले तेव्हा भुवईचा उंचवटा आणि कवटीची कमान काळ्या रेघेने काढली, आणि चेहऱ्याची जागा कोरी सोडली. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "अहो, निदान दोन डोळे तरी घाला, बिचारा भुतासारखा दिसतो." आम्ही विचार केला आणि तुटक रेघेने दोन डोळे घातले, पण त्यांत राग घातला नाही. आपल्या कोणा पूर्वजाला पुराव्याशिवाय रागीट ठरविण्याचा आम्हांस काय अधिकार?

कधी उलटही होते. आपली कल्पना जेथे कचरते तेथे पुरावा धीटपणे पुढे जातो. माळव्यात शहामृग होते असे कोणी म्हटले तर आपण हसू. परंतु जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे, शं. अ. साळी यांनी 1972-73 च्या सुमारास केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे, नक्षी कोरलेले तुकडे मिळाले. आपल्या भीमबेटका येथे त्याच कवचाचे मणी मिळाले. मध्य आणि पश्चिम भारतात असे तुकडे ठिकठिकाणी आहेत. 2017 साली हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी अशा कवचांतील आनुवंशिक द्रव्य तपासून, हा पक्षी आफ्रिकेच्या शहामृगाचा जवळचा नातलग होता असे सांगितले. तेव्हा आमच्या भिंतीवर सागवानाच्या झाडांमागे जो शहामृग धावतो आहे तो थट्टेचा नव्हे. त्याचे अंडे काळ्या रेघेचे आहे. पाय आणि पिसे तुटक रेघेची.

आता भीमबेटका. या जागेचे नाव घेताना आपल्या मराठी माणसाला एका नावाचा विसर पडता कामा नये. ते म्हणजे उज्जैनचे डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर. 1919 साली नीमचला जन्मलेला हा मराठी माणूस मुळात चित्रकार होता. 1957 साली आगगाडीने जाताना खिडकीतून त्यांना दूर डोंगरावरचे खडक दिसले, आणि स्पेनमधील व फ्रान्समधील चित्रगुहांच्या खडकांची आठवण होऊन ते तेथे शोध घेण्यास गेले. पुढचे आपण जाणताच. त्यापूर्वी 1888 च्या एका लेखात ही जागा बौद्ध स्थळ म्हणून नोंदली गेली होती. चित्रे तेथेच होती, पण ती पाहणारा डोळा आला नव्हता. 1975 साली वाकणकरांना पद्मश्री मिळाली आणि 2003 साली भीमबेटकाचे नाव जागतिक वारशाच्या यादीत आले. वाकणकरांच्या मागून पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे यशोधर मठपाल यांनी तेथील शेकडो चित्रांच्या जलरंगात नकला केल्या. नक्कल करताना त्यांनी पुसट झालेले शिंग आपल्या मनाने पुरे केले नाही. आमचा नियम आम्हांला वाटतो तितका नवा नव्हे, हे आम्हांला त्यावरूनच कळले.

भीमबेटकाच्या एका खडकावर रानडुकरासारख्या मुस्कटाचा आणि शिंगांचा एक प्रचंड प्राणी माणसामागे धावताना रंगविलेला आहे. असा प्राणी कोठे झालेला नाही. म्हणजे पाषाणयुगातील चित्रकारही कल्पना करीत होताच. कल्पना करणे हा दोष नव्हे. कल्पनेला हाड म्हणणे हा दोष.

आणि आता ती तांबडी फुली.

मार्च 2020 मध्ये भरावयाची भूवैज्ञानिकांची आंतरराष्ट्रीय परिषद महामारीमुळे रहित झाली. तिच्यासाठी भारतात आलेले काही तज्ज्ञ भीमबेटका पाहावयास गेले. तेथील सभामंडपासारख्या मोठ्या गुहेत, डोक्याच्या बऱ्याच वर, छताजवळच्या खडकावर त्यांना पानाच्या आकाराची, मधल्या शिरेपासून दोन्ही बाजूंना फासळ्या फुटाव्यात तशी एक पांढुरकी आकृती दिसली. ती डिकिन्सोनिया या सुमारे 55 कोटी वर्षांपूर्वीच्या, प्राणिसृष्टीच्या अगदी आरंभीच्या जीवाची खूण आहे, असा निबंध अमेरिकेतील ग्रेगरी रिटॅलक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. 2021 च्या आरंभी वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले. भोपाळच्या उंबरठ्यावर जगातील एक अतिप्राचीन प्राणी! आमचा आनंद काय वर्णावा! आम्ही लगेच मोठा कागद घेतला, समुद्राच्या तळाशी पसरलेला डिकिन्सोनिया रंगविला, खाली 'आपल्या भीमबेटकाचा सर्वांत जुना रहिवासी' असे ठळक अक्षरांत लिहिले, आणि चित्र जिन्याच्या पहिल्या पायरीशी, सर्वांच्या डोळ्यांपुढे टांगले. सर्व आकृती काळ्या अखंड रेघेने काढली होती. तीनशे हाडांच्या बारापासॉरसला डोके देताना आम्ही इतके जपलो, आणि येथे आमच्यापैकी एकाही माणसाने भीमबेटकाला जाऊन ती आकृती स्वतः पाहिलेली नव्हती! छायाचित्र पाहिले आणि विश्वास ठेवला.

डिसेंबर 2022 मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाचे जोसेफ मीर्ट आणि त्यांचे सहकारी त्या गुहेत गेले. त्यांनी जवळून पाहिले, तेव्हा ती आकृती खडकाला सोडून सुटत चाललेली आढळली. खडकात उमटलेली खूण अशी दोन-तीन वर्षांत सुटत नाही. शेजारीच आग्यामोहोळाची पोळी लटकत होती. आणि एखादे पोळे झडून गेले म्हणजे मागे काय उरते तेही दिसत होते. 55 कोटी वर्षांचा तो प्राणी म्हणजे मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचा खडकाला चिकटलेला अवशेष होता. 2023 साली हे प्रसिद्ध झाले.

आपण हसलात, आम्हीही हसलो, पण जरा उशिरा. यात गंमतीचा भाग असा की मध्य भारतातील प्राचीन चित्रांत, विशेषतः पचमढीच्या, माणसे मोहोळाचा मध काढताना रंगविलेली आहेत. ज्यांनी ती चित्रे काढली त्यांना पोळे ओळखावयास क्षणाचाही वेळ लागला नसता.

परंतु ही नुसती थट्टेची गोष्ट नाही. विंध्य पर्वताच्या या वालुकाश्मांचे वय किती, हा जुना वाद आहे. काही शास्त्रज्ञ ते 100 कोटी वर्षांच्याही मागे नेतात. तेथे डिकिन्सोनिया खरोखर असता तर ते खडक एकदम कितीतरी तरुण ठरले असते. एका पोळ्याने सबंध डोंगराची जन्मपत्रिका बदलली असती! म्हणून त्या चुकीचा शोध लागणे हेही एक मोठे संशोधनच होय. आणि आम्हांला सर्वांत भावले ते पुढेच. रिटॅलक यांनी आपला आग्रह धरून ठेवला नाही. नवा पुरावा पाहून, ते पोळेच होते, असे त्यांनी मान्य केले. जगभर वाहवा मिळालेला आपला शोध आपल्याच तोंडाने मागे घेणे किती माणसांना जमते? आपल्या समित्यांत गेल्या वर्षीचा हिशेब चुकला हे मान्य करावयास आपल्याला किती बैठका लागतात, ते आपण जाणताच.

मग आमच्या चित्राचे काय करावयाचे? वर्गात दोन मते पडली. एक मत असे, की सुवर्णमहोत्सव जवळ आला आहे, पाहुणे येतील. चित्र गुपचूप काढून तेथे मोराचे चित्र लावावे. दुसरे मत असे, की ज्या मुलांना आम्ही दोन वर्षे हे खरे म्हणून सांगितले, त्यांना ते खोटे होते हेही त्याच जागी सांगितले पाहिजे. बराच वेळ वाद झाला. अखेर ज्या मुलीने हत्तीचा रंग विचारला होता, ती आता मोठी झाली आहे, तिने तांबडी पेन्सिल उचलली आणि आम्हांला विचारले, "काका, मारू का फुली?" फुली मारली गेली. खाली आम्ही लिहिले: 'हे आम्ही 2021 मध्ये काढले. हे मधमाश्यांचे पोळे होते असे 2023 मध्ये सिद्ध झाले. चूक कळल्यावर चित्र तसेच ठेवले आहे.' क्रिस्टल पॅलेसचा नाकावर अंगठा असलेला इग्वानोडॉन आठवा. आमच्या जिन्याचा इग्वानोडॉन हाच.

आता दुसरी गोष्ट, आणि ती आपणां सर्वांच्या घरची आहे. आपल्याच एका सभासदांनी वाड्याची आवराआवर करताना आम्हांला एक दगड आणून दाखविला. तीन पिढ्या तो लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून ठेवला जात असे. नुकती टाकी लावलेल्या पाट्यासारख्या त्यावर आडव्या उंच रेघा होत्या. जाणकारांना दाखविला, तेव्हा कळले की ती हत्तीची दगड झालेली दाढ आहे. सर्वांना मोठा हर्ष झाला. पण पुढचा प्रश्न आला: ही कोठे सापडली? घरच्यांना एवढेच ठाऊक होते की पणजोबांनी ती 'नर्मदेवरून' आणली. आता नर्मदा वाहते 1,312 किलोमीटर! कोणता काठ, कोणता थर, शेजारी काय होते, हे सांगणारे कोणी उरलेले नाही. दाढ आहे, पण तिची साक्ष गेली. तीन पिढ्या तिने लोणचे राखले. तिच्या जागेची एक ओळ कोणी लिहून ठेवली असती तर तिने इतिहासही राखला असता.

मोठ्या संग्रहांतही असे होते. 1828 साली कॅप्टन स्लीमन यांना, ठगांचा बंदोबस्त करणारे ते हेच, जबलपूरच्या बारा सिमला टेकडीत डायनोसॉरची हाडे मिळाली. भारतातील डायनोसॉरच्या संशोधनाचा आरंभ येथून धरतात. त्यांतील शेपटीच्या मणक्यांवरून 1877 साली लिडेकर यांनी टायटनोसॉरस इंडिकस हे नाव दिले. पुढे ते मणके कोठे गेले हे कोणास सांगता येईना. 2012 साली त्यांपैकी एक कोलकात्याला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहातच पुन्हा सापडला. तो ओळखता आला तो जुन्या वर्णनांमुळे आणि चित्रांमुळे. हाड हरवले तरी चांगले चित्र त्याची ओळख सांभाळून ठेवते, हे त्यावरून दिसते.

आणि कधी वस्तू हरवलेली नसते, तिची पूजा होत असते. धार जिल्ह्यातील पाडल्या गावी शेतकरी पिढ्यानपिढ्या काही गोल दगडांना 'काकड भैरव' म्हणून शेताच्या हद्दीवर पूजीत आले. 2023 साली शास्त्रज्ञांनी पाहिले तेव्हा ती टायटनोसॉर जातीच्या डायनोसॉरची अंडी निघाली. त्याच वर्षी दिल्ली विद्यापीठाच्या संशोधकांनी धार जिल्ह्याच्या नर्मदाखोऱ्यातील 92 घरटी आणि 256 अंडी यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या निबंधाच्या लेखकांत विशाल वर्मा हे धार जिल्ह्यातील शाळाशिक्षकही आहेत. गावच्या लोकांस हसण्याचे आपल्याला काही कारण नाही. त्यांनी ती अंडी फोडली नाहीत, विकली नाहीत, शेताच्या हद्दीवर जपून ठेवली. शास्त्रज्ञाला ती सुस्थितीत मिळाली याचे पुष्कळसे श्रेय त्या शेंदरालाही आहे.

या सर्वांवरून आम्ही जे शिकलो ते थोडक्यात सांगतो. नर्मदेवर परिक्रमेला, स्नानाला, सहलीला आपण सर्वच जातो. तेथे किंवा शेतात, विहीर खणताना, असा एखादा दगड दिसला तर कृपा करून तो उचलून घरी आणू नये. तेथेच त्याचे छायाचित्र घ्यावे. शेजारी मापासाठी पेन्सिल किंवा नाणे ठेवावे. जमल्यास मुलाला त्याचे चित्र काढावयास सांगावे, कारण चित्र काढताना डोळा जे पाहतो ते छायाचित्र घेताना पाहत नाही. गाव, तारीख, काठ, मातीचा रंग आणि दगड कितपत खोल होता, एवढे लिहून घ्यावे. आणि मग कळवावे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे कार्यालय भोपाळातच आहे. 'हा आमचा शोध' म्हणून पेटीत लपवून ठेवू नये, आणि कोणी तज्ज्ञ "हा नुसता गोटा आहे" म्हणाला तर रागावूही नये. आमचा डिकिन्सोनिया आठवावा.

संस्थेला आमची एकच विनंती आहे. सुवर्णमहोत्सवानिमित्त वाचनालयात एक जाड नोंदवही ठेवावी. ज्यांच्या घरी असे जुने दगड, दाढा, शिंगे असतील त्यांनी ती कोठून आली याची आठवण, घरातील वडील माणसे आहेत तोवर, तीत लिहून ठेवावी. दगड पुढेही लाखो वर्षे टिकेल. त्याची जागा ज्यांना आठवते ती माणसे मात्र टिकणार नाहीत. लोणच्याच्या बरणीवरच्या त्या दाढेची नोंद आम्ही पहिल्या पानावर केली आहे. 'जागा: नर्मदा, नक्की ठाऊक नाही' असे तीत लिहिताना हात जड झाला.

बालमित्रांनो, शेवटचे दोन शब्द तुमच्यासाठी. पुढच्या रविवारपासून आपण राजासॉरस काढणार आहोत. गुजरातेत रहियोली येथे 1982 ते 1984 या काळात त्याची हाडे गोळा झाली, आणि 2003 साली त्याला राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव मिळाले. म्हणजे वीस वर्षे शास्त्रज्ञांनी धीर धरला. त्याच्या डोक्यावर एक ठेंगणे शिंग होते, ते काळ्या रेघेने काढता येईल. रंग मात्र तुमचा तुम्ही ठरवा. हिरवा करा, तपकिरी करा, अगदी भगवा केलात तरी आमची हरकत नाही. फक्त खाली लिहा की रंग आमचा आहे. आणि तांबडी पेन्सिल दप्तरात असू द्या. ती दुसऱ्याच्या चित्रावर चालविण्यापूर्वी आपल्या चित्रावर चालविण्याची तयारी असली पाहिजे, एवढेच आमचे सांगणे.

 खाली उतरताना जिन्यात जरा थांबावे, आणि एखादी रेघ चुकलेली दिसली तर अवश्य सांगावे.